गाडीतली ऊब, गाडीतली आग

वसईजवळच्या उमेळ्यात गाडीची सीट गरम करून बसावंसं वाटेल अशा सकाळी वर्षात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही ऊन वर येईपर्यंतच्या. तेव्हा तापणाऱ्या सीटच्या बिघाडाची चर्चा वसई तालुक्यात कशाला, असं कुणीही विचारील. पण वसईच्या गावागावांतली मुलं आज कॅनडात, युरोपात, अमेरिकेत आहेत. तिथल्या हिवाळ्यात गाडीत बसल्याबरोबर सीटचं बटण दाबणं हे वायपर लावण्याइतकंच सवयीचं असतं, आणि इथून नातवंडांना बघायला गेलेले आजी-आजोबाही त्याच सीटवर बसतात. इकडे आपल्या बाजारातही ही सोय आली आहे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या ह्युंदाई वेर्नाच्या वरच्या प्रकारात पुढच्या सीट गार वाराही देतात आणि तापतातही. ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांना बाजारात लायटरच्या सॉकेटला लावायची गरम गादी, पाठीला मसाज देणारी गादी, पंखा लावलेलं कव्हर असं सगळं मिळतं.

हीटर हा या प्रश्नाचा एक कोपरा झाला. मुळात गाडीतली वीज आपण किती बेफिकिरीने वापरतो, हा प्रश्न आहे. तापणारी वस्तू धोक्याची असतेच असं नाही. तिचा ताप मोजणारा आणि वेळेवर वीज तोडणारा भाग निकामी झाला, किंवा कुणी काढून टाकला, की ती धोक्याची होते. सीटमधला सेन्सर, वायरीवरचा फ्यूज, गाडी परत बोलावण्याचा कायदा, आगीची सरकारी नोंद ही सगळी याच कामाची साधनं. आपल्याकडे दुर्लक्ष होतं ते नेमकं त्यांच्याकडे.

सीट तापते कशी

तापणारी सीट नवी नाही. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९६६ मध्ये ती गिऱ्हाइकाला देऊ केली. स्वीडनच्या साब कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साब ९९ या गाडीत चालकासाठी ती सरसकट बसवली. थंड देशातल्या माणसाला पाठदुखीत शेक मिळावा आणि गाडी लवकर उबदार व्हावी, एवढाच हेतू होता. आता विजेवरच्या गाड्यांमध्ये तिला आणखी एक काम मिळालंय. आख्ख्या गाडीतली हवा तापवण्यापेक्षा माणसाखालची सीट तापवायला बॅटरी बरीच कमी खर्ची पडते.

रचना साधी आहे. कव्हर आणि फोम यांच्यामध्ये एक पातळ चटई असते. तिच्यात बारीक धातूची किंवा कार्बन धाग्याची वायर नागमोडी शिवलेली असते. बारा व्होल्टचा प्रवाह सोडला की वायर तापते. एका सीटला साधारण चार-पाच अँपिअर, म्हणजे पन्नास-साठ वॉट लागतात. चटईत एक छोटा तापमापी सेन्सर असतो. ठरलेल्या तापमानाला तो वीज तोडतो आणि सीट निवली की पुन्हा जोडतो.

बिघाड होतो तो या चटईच्या घडीत. मागच्या सीटवरचं सामान काढायला आपण पुढच्या सीटवर गुडघा टेकवतो. एकाच जागी सगळा भार पडतो आणि वायर दुमडते किंवा तुटते. मुलाची जड बेबी सीट पट्ट्याने आवळून बांधली तरी तेच. वायर तुटली पण टोकं अर्धवट चिकटून राहिली, तर त्या बिंदूवर ठिणग्या उडतात. दोन वळणं एकमेकांना चिकटली, तर प्रवाह जवळची वाट धरतो, वायरीचा उरलेला तुकडा जास्त प्रवाह ओढतो आणि जास्त तापतो. सेन्सर मात्र चटईत एकाच ठिकाणी बसलेला. तो जिथे आहे तिथे सगळं ठीक असतं, आणि वीतभर पलीकडे फोम करपायला लागलेला असतो.

कातडी किती सोसते

माणसाची कातडी किती ताप किती वेळ सोसते, याचा पायाभूत अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांतून निघालेला हिशेब आजही वापरला जातो. ६० अंश सेल्सिअसला जेमतेम पाच सेकंदांत खोलवर भाजतं. ४४ अंशांना तेवढीच इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. मधल्या टप्प्यात एकेक अंश वाढला की लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. म्हणजे 'फार गरम नाही, नुसतं कोमट आहे' असं वाटणारी वस्तूही लांबच्या प्रवासात भाजू शकते.

धडधाकट माणूस असा भाजत नाही, कारण त्याआधी त्याला चटका जाणवतो आणि तो हलतो. आपल्या अंगातला खटका म्हणजे ही जाणीव. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही, त्याचा हा खटका निकामी असतो. कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या रुग्णाला गाडीच्या सीट-हीटरमुळे भाजल्याची नोंद अमेरिकेतल्या भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. डॉ. डेव्हिड ग्रीनहाल्ग हे त्या लेखकांपैकी एक. पुढे २०११ मध्ये डॉक्टर आणि वाहनसुरक्षेचे कार्यकर्ते यांनी मिळून अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याकडे, म्हणजे 'नित्सा'कडे मागणी केली की सीटच्या कमाल तापमानाला मर्यादा घाला आणि ठरलेल्या वेळाने हीटर आपोआप बंद होईल असं करा. तेव्हा तिथे अशी मर्यादा सांगणारा नियमच नव्हता. काही कंपन्यांनी वेळेचा खटका आपणहून बसवला. काही गाड्यांत मात्र बटण दाबलं की गाडी बंद होईपर्यंत हीटर चालूच.

आपल्या घरांशी या गोष्टीचा संबंध मधुमेहाच्या वाटेने येतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण आहेत. जुन्या मधुमेहात पायांची, कधी मांड्यांचीही संवेदना कमी होते. सून-मुलाकडे टोरांटोला गेलेले सत्तरीचे आजोबा तीन तास हीटर लावून बसले आणि घरी आल्यावर मांडीला फोड दिसला, तर डॉक्टरांनाही आधी सीटची आठवण होणार नाही. कंबर धरली म्हणून गरम गादी लावून झोपणाऱ्यालाही हाच धोका आहे, आणि त्यासाठी परदेशी जायला नको.

शेकाची आपल्याला परंपरा आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत कोकणपट्टीत अजून पुरती गेलेली नाही. पण त्या शेगडीशी घरातली एखादी जाणती बाई बसलेली असे. ती निखारे कमी-जास्त करी, राख ओढी, बाळंतिणीला विचारत राही. शेकावर नजर ठेवायची असते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. बटणावर चालणाऱ्या शेकात ही देखरेख एका सेन्सरवर सोपवलेली आहे. त्याला आपण कधी पाहिलेलंही नसतं.

कमी तापाचा शेक रोजच्या रोज घेतला तर फोड येत नाही, पण कातडीवर तांबूस-तपकिरी जाळीदार डाग उमटतात. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांत, गरम पाण्याची पिशवी सतत लावणाऱ्यांत ते दिसतात. सीट-हीटरमुळेही ते झाल्याच्या नोंदी आहेत. हीटर वापरणाऱ्याने असा डाग दिसताच वापर थांबवावा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

हीटर चांगला, कापड खोटं

जानेवारी २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत कॅमरी, कोरोला, सिएना अशा काही लोकप्रिय गाड्यांच्या तापणाऱ्या सीटच्या आवृत्त्यांची विक्री एकाएकी थांबवली. दुकानांत उभ्या असलेल्या सुमारे ३६,००० गाड्या अडकल्या. हीटर बिघडला नव्हता, आग लागल्याची तक्रारही नव्हती. दक्षिण कोरियात तपासणीसाठी एक सीट उसवली गेली, तेव्हा आतल्या हीटरचं कापड आगीच्या नियमात बसत नाही असं आढळलं. गाडीच्या आतलं कापड, फोम, गालिचा मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये, असं अमेरिकेचा नियम सांगतो.

सीटचं कापड पेटलं तरी आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा, एवढाच या नियमाचा हेतू. भारतातही गाडीच्या आतल्या साहित्यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. पण ते कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला लागतं. गाडी घरी आली की आपण पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन तिच्या सीटवर जाड रेक्झिनचं कव्हर चढवतो, खाली फोम भरून घेतो, जमिनीवर गालिचा अंथरतो. त्या कव्हरचं आगीशी काय नातं आहे, हे दुकानदाराला ठाऊक नसतं आणि आपण विचारत नाही. शिवाय ज्या गाड्यांच्या पुढच्या सीटच्या कडेत एअरबॅग शिवलेली असते, तिथे गच्च बसवलेलं कव्हर ती एअरबॅग उघडायलाच अडवू शकतं. सीट-हीटर असलेल्या गाडीत जाड कव्हर म्हणजे उष्णता आत कोंडणं आलंच.

वसईतल्या दोन घटना

वसईकरांना आगीचे दाखले शोधायला कोरियापर्यंत जायला नको. जून २०२२ मध्ये वसई पश्चिमेला भर रस्त्यात टाटाची नेक्सॉन ईव्ही पेटली. चालवणाऱ्याला गाडीतून वेगळा आवाज आला, समोर इशारे झळकले, तो थांबून बाहेर पडला आणि वाचला. देशभर त्या आगीची चित्रफीत फिरली. केंद्र सरकारने सीएफईईएस, बंगळूरची आयआयएससी आणि विशाखापट्टणमची एनएसटीएल या संस्थांना कारण शोधायला सांगितलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसई पूर्वेच्या एका घरात रात्री ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. १ डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. त्यात बॅटरीच्या आतल्या तापमानावर नजर ठेवणं आणि धोक्याचा इशारा देणं यावर भर आहे. इथेही मुद्दा तोच: ताप मोजणारा आणि वेळेवर तोडणारा भाग.

पुण्यात एप्रिल २०२३ मध्ये आणखी एक नेक्सॉन ईव्ही पेटली. कंपनीने तपासानंतर दिलेलं कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. गाडीचा डावा हेडलॅम्प नुकताच अनधिकृत गॅरेजमध्ये बदलला होता, तो बसवताना त्रुटी राहिल्या आणि हेडलॅम्पच्या जागी शॉर्ट सर्किट झालं. बॅटरीकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि दोष निघाला दिव्याच्या जोडणीत. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये केरळात कण्णूरला हॉस्पिटलच्या वाटेवर गाडी पेटली. पुढे बसलेली गर्भवती स्त्री आणि तिचा नवरा दरवाजे न उघडल्यामुळे आतच गेले. मागच्या सीटवरची माणसं वाचली. तिथेही नंतर बसवलेल्या उपकरणांच्या वायरिंगकडे बोट दाखवलं गेलं. नेमक्या कारणावरून पुढे वादही झाला.

वायरीचं गणित

ॲक्सेसरीजच्या दुकानातलं एक नेहमीचं काम जवळून बघू. हेडलाइटचा प्रकाश कमी पडतो म्हणून गिऱ्हाईक येतो. गाडीत ६०/५५ वॉटचा एच-४ बल्ब असतो. दुकानदार १००/९० वॉटचा बल्ब लावून देतो. बल्ब त्याच होल्डरमध्ये बसतो, प्रकाश वाढतो, गिऱ्हाईक खूश. पण आता बारा व्होल्टवर त्या वायरीतून पाचऐवजी आठ अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. वायर कंपनीने पाच-सहा अँपिअरच्या बेताने दिलेली. होल्डर आधी पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग टोकं सैल होतात.

सैल टोक हीच आगीची खरी जागा. समजा त्या सांध्यात फक्त ०.२ ओहमचा रोध तयार झाला. आठ अँपिअर प्रवाहाला तिथे जवळजवळ तेरा वॉट उष्णता सुटते, आणि ती सगळी डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत. शेजारी प्लास्टिक, टेपचा चिकट थर आणि धूळ. फ्यूजला याचा पत्ताच लागत नाही, कारण त्याच्या लेखी प्रवाह मर्यादेतच आहे.

फ्यूज हा उपकरणाला नव्हे, वायरीला वाचवण्यासाठी असतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. गाडीच्या फ्यूज बॉक्समधली रंगीत पानं उगाच रंगीत नाहीत. तांबडं दहा अँपिअरचं, निळं पंधराचं, पिवळं वीसचं, हिरवं तीसचं. तांबडं दोनदा उडालं म्हणून त्या जागी हिरवं खोचलं, की फ्यूज उडायचा थांबतो आणि वायर जळायला मोकळी होते. त्याहून वाईट म्हणजे 'डायरेक्ट करून देतो' हे गॅरेजमधलं आश्वासन. बॅटरीच्या टोकापासून थेट वायर ओढायची, मध्ये फ्यूजही नाही आणि रिलेही नाही. हॉर्न, फॉगलॅम्प, ॲम्प्लिफायर, सीटच्या गाद्या, जीपीएस, कॅमेरा अशी एकेक 'डायरेक्ट' वायर वाढत जाते. गाडीचं मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, सोलून मध्ये टॅपिंग करायचं, वर काळी टेप गुंडाळायची. उन्हात टेपचा चिकटा वितळतो आणि दोन पावसाळ्यांत उघडी तांब्याची तार बाहेर येते.

अधिकृत काम कसं दिसतं तेही पाहून ठेवावं. तिथे वायर कापत नाहीत, कपलरला कपलर जोडतात. जास्त वॉटच्या उपकरणाला वेगळी जाड वायर, वेगळा रिले आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात स्वतंत्र फ्यूज असतो. सीट-हीटर वेगळा बसवून घ्यायचाच असेल तर त्यात सेन्सर आहे का, वेळेचा खटका आहे का आणि इग्निशन बंद केल्यावर तो बंद होतो का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर त्याला हात लावू देऊ नये. तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो.

खारं पाणी आणि पावसाळा

आपल्या किनाऱ्याला या प्रश्नाची एक स्वतंत्र बाजू आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या लेखांत ती क्वचितच येते. नायगाव-उमेळ्याच्या बाजूला खाडी आणि मिठागरं. हवेत बारा महिने खारा दमटपणा. घराच्या ग्रिलला दोन वर्षांत गंज चढतो तिथे गाडीच्या अर्थिंगच्या नटाचं काय होत असेल? गाडीतला प्रवाह परत जातो तो गाडीच्या लोखंडी अंगातूनच. अर्थिंगचं टोक गंजलं की प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट एवढा भार सोसण्यासाठी केलेली नसते.

त्यात पाणी. २००५ चा पूर इथल्या माणसांच्या आठवणीत आहेच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार काही दिवस पाण्याखाली होतं, मिठागरातली माणसं अडकली, नालासोपाऱ्याजवळ एक्सप्रेस गाड्या उभ्या राहिल्या. अशा वेळी सोसायट्यांच्या आवारातल्या गाड्या दरवाजाच्या निम्म्यापर्यंत बुडतात. पाणी ओसरल्यावर मालक इंजिनाची चौकशी करतो, गालिचा वाळवतो, सीट उन्हात ठेवतो. पण सीटच्या खाली, गालिचाखालून जाणारं वायरींचं जुडगं, एअरबॅगचे आणि हीटरचे कपलर सगळे पाण्यात मुरलेले असतात. कपलर बाहेरून कोरडा दिसतो. आतल्या पितळी पिनांवर हिरवट गंज धरतो आणि तो महिन्यांनी आपलं काम करतो. गाडी पेटते तेव्हा पुराची आठवण कुणाला राहिलेली नसते.

बुडालेली गाडी विकली जाते, ही पुढची अडचण. विमा कंपनीने निकाली काढलेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात विकायला येते. जुनी गाडी घेताना सीट पुढे सरकवून तिच्या रुळावर गंज आहे का पाहावं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहावं, गालिचाची कड उचलून वास घ्यावा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओची अधिकृतता घेणं नियमाने आवश्यक झालं आहे. तो कागद मागायचा आपला हक्क आहे.

उंदीर हा इथला तिसरा भागीदार. वाडीत, चाळीच्या मागे, शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये पावसाळ्यात उंदीर-घुशी आसऱ्याला येतात आणि वायरींचं वेष्टण कुरतडतात. महिनाभर न हलवलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून पाहणं, एवढा उपाय फुकटचा आहे.

वायरिंगची ही काळजी सीएनजीच्या गाड्यांना तर दुप्पट लागू. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने गॅस भरलेला असतो, दर तीन वर्षांनी त्याची जलदाब चाचणी करणं बंधनकारक आहे. बाहेरून किट बसवताना मूळ वायरिंगमध्ये हात घातलाच जातो. गळका गॅस आणि सैल वायर एकाच डब्यात ठेवणं किती महाग पडेल, हे सांगायला नको.

'शॉर्ट सर्किट' म्हटलं की तपास संपला

गाडी जळाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज' हे वाक्य असतंच. हा अंदाज अंदाजच राहतो. शॉर्ट सर्किट हे आगीचं वर्णन झालं. ते का झालं, कुठल्या वायरीत, कुणी जोडलेल्या, याचं उत्तर त्यात नसतं. जळालेली गाडी विमा सर्वेयर पाहतो, पोलीस पंचनामा करतात, अग्निशमन दल वर्दीची नोंद घेतं, आणि तिघांचे कागद तीन ठिकाणी राहतात.

या शब्दावर विसंबलं तर काय होतं ते १९ मार्च २०२५ ला हिंजवडीत दिसलं. कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेली मिनीबस पेटली आणि चार जण होरपळून गेले. पहिली चर्चा शॉर्ट सर्किटचीच झाली. पोलिसांनी खोलात तपास केला तेव्हा चालकानेच ज्वलनशील रसायन वापरून आग लावल्याचा आरोप पुढे आला. पहिल्या दिवशीच्या अंदाजावर कागद बंद झाला असता तर चार मृत्यू 'बिघाड' म्हणून जमा झाले असते. याची उलट बाजूही खरी आहे. एखाद्या मॉडेलच्या एकाच कपलरमुळे पाच जिल्ह्यांत पाच गाड्या पेटल्या, तरी पाच पंचनामे एकत्र वाचणारं कुणी नसेल तर दोष सापडणार कसा? टोयोटाचं कापड सापडलं, कारण कोरियात कुणीतरी सीट उसवून पाहिली आणि ते वरपर्यंत कळवलं.

कायद्यात काय आहे

गाड्या परत बोलावण्याबाबत वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा संहिता आणली. ती कंपनीच्या मर्जीवर होती. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा अधिकार मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल मालक वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होऊन सक्तीचा आदेश निघू शकतो. कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे हा कायदा तक्रारींच्या संख्येवर चालतो. आपण गॅरेजवाल्याकडे कुरकुरतो, व्हॉट्सॲपवर चित्रफीत पाठवतो आणि पोर्टलवर मात्र जात नाही. मग संख्या भरणार कशी?

मालकावरही बंधन आहे. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल अशा बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. परवानगीवाचून केलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीटची गादी किंवा कॅमेरा यांसारख्या किरकोळ जोडण्या या कलमात कितपत येतात, हे धूसर आहे. विम्याचं मात्र स्पष्ट आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत आग, स्फोट आणि गाडी आपोआप पेटणं हे धरलेलं असतं. साध्या विद्युत बिघाडाची भरपाई नसते. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी दाखवावी लागतात, त्यांच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता असतो. या तरतुदीचा क्रमांक आयएमटी-२४. सीएनजी किटसाठी आयएमटी-२५. वीस हजारांच्या ॲम्प्लिफायरला वर्षाला आठशे रुपये. ते वाचवायला जाऊन जळालेल्या गाडीचा दावा वादात अडकवण्यात शहाणपण नाही. निव्वळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या जळालेल्या गाडीचे दमडीही मिळत नाहीत.

भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे पाहून गाडी घेणाऱ्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं. ते तारे धडकेत आतली माणसं किती वाचतील ते सांगतात. पाच वर्षांनी सीटखालच्या कपलरची काय अवस्था असेल, हे सांगायचं काम त्यांचं नाही.

मग करायचं काय

सगळ्या दाखल्यांचा मिळून एक निष्कर्ष निघतो. हीटर, बॅटरी, हेडलॅम्प, ॲम्प्लिफायर यांतलं कुठलंच उपकरण मुळात खलनायक नाही. ताप मोजणारं आणि वीज तोडणारं जे काही आहे ते आपण स्वस्त, बिनमहत्त्वाचं, प्रसंगी अडचणीचं मानतो. फ्यूज उडाला की आपल्याला त्याचा राग येतो. त्याने आपलं काम केलं, हे लक्षातच येत नाही.

मालकाने करायच्या गोष्टी खर्चिक नाहीत. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची टोकं, बॅटरीची टोकं आणि फ्यूजची पानं मूळ मापाची आहेत ना, हे तपासून घ्यावं. सीटवर गुडघे टेकवू नयेत. हीटर असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी बंद करावा. मधुमेही, अर्धांगाचे रुग्ण आणि लहान मुलं बसलेली असतील तर लावूच नये. गाडीत करपल्याचा वास आला, एकच जागा जास्त गरम लागली किंवा फ्यूज पुन्हापुन्हा उडू लागला, तर ते उपकरण काढून ठेवावं, दुरुस्तीची वाट बघत वापरत राहू नये. गाडी पेटलीच तर आधी इग्निशन बंद, मग माणसं बाहेर, मग लांब उभं राहून १०१ किंवा ११२ वर फोन. धूर येत असताना बॉनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळाली की आग भडकते. विजेवरची गाडी असेल तर विझवायच्या फंदात पडू नये.

वसई-विरार महापालिकेचं अग्निशमन दल आणि वसईचं आरटीओ या दोघांना मिळून एक काम सहज करता येईल. तालुक्यात जळालेल्या प्रत्येक वाहनाचं मॉडेल, वय, पुरात बुडालं होतं का, बाहेरून काय बसवलं होतं आणि आग कुठून सुरू झाली, एवढ्या पाच रकान्यांची नोंद ठेवून ती दर वर्षी जाहीर करावी. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. नगरसेवकांनी ही मागणी सभागृहात लावून धरावी. आणि ज्यांच्या गाडीत बिघाड झाला असेल त्यांनी गॅरेजमधून घरी येताच वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आपली एकट्याची तक्रार किरकोळ वाटली तरी कायद्याच्या हिशेबात ती एकाची भर घालते, आणि पुढची गाडी परत बोलावली जायची तर ती याच बेरजेने.